धूतेचा प्रवेश कापू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो आहे. शूद्रकाचं संस्कृत नाटक 'मृच्छकटिक' बसवतोयस याचा आनंद आहेच. दहा अंक दोन तासांत कोंबायचे तर कात्री चालवावी लागणार, हेही मान्य. पावसाची वर्णनं निम्मी कर, जुगाऱ्यांची मारामारी आवर. चोर शर्विलकाने जानव्याने भिंतीचं माप घेणं मात्र ठेव. चोरी करताना जानव्याचे उपयोग सांगणारा ब्राह्मण प्रेक्षकाला पुन्हा भेटायचा नाही. पण धूतेचे, म्हणजे नायक चारुदत्ताच्या बायकोचे, प्रवेश तू सरसकट काढतोस, आणि कारण काय देतोस, तर 'ती पुठ्ठ्याची पतिव्रता आहे, तिच्यावाचून काही अडत नाही'.

खरं सांगू? मीही बरीच वर्षं तिला असंच वाचलं. परीक्षेच्या वहीत तिच्या नावापुढे 'पतिव्रता, उदार, सोशिक' अशी तीन विशेषणं लिहिली आणि पुढच्या पात्राकडे वळलो. गणिका वसंतसेनेला दोन पानं, खलनायक शकाराला एक, धूतेला एक ओळ. यंदा पुन्हा वाचताना पात्रांच्या ऐवजी एका दागिन्याचा माग काढला, तेव्हा कुठे ती दिसली.

तो दागिना म्हणजे रत्नमाला. वसंतसेनेने चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले अलंकार तिसऱ्या अंकात चोरीला जातात. बातमी आत पोचते तेव्हा धूता आधी विचारते, आर्यपुत्रांच्या अंगाला तर काही इजा नाही ना? इथवर तुझी पुठ्ठ्याची बाई. पण ते सुखरूप आहेत, गेले ते वेश्येचे अलंकार, हे कळल्यावर ती म्हणते, त्यापेक्षा शरीराला जखम झाली असती तर बरं झालं असतं, शीलाला नको होती. गरिबीपायी यानेच ते गिळले असं उज्जयिनी म्हणेल, हे ती एका क्षणात ओळखते. या घरात व्यवहार कळणारं माणूस बहुधा ही एकटीच.

पुढे बघ ती काय करते. माहेराहून मिळालेली रत्नमाला, उरलेला एकच दागिना, ती काढते. पण नवऱ्याच्या हातात देत नाही, कारण बायकोचं स्त्रीधन तो घेणार नाही हे तिला ठाऊक आहे. ती मैत्रेयाला बोलावते, पूर्वेकडे तोंड करायला लावते आणि रत्नषष्ठीच्या व्रताचं दान म्हणून माळ त्याच्या हाती ठेवते. दान ब्राह्मणाला, आणि ब्राह्मण नवऱ्याचा जिवलग. ही नुसती सोशिक बाई असती तर रडली असती. ही तर डाव टाकते. तरी चारुदत्ताला ते कळतंच, आणि बायकोच्या पैशावर जगायची पाळी आली म्हणून तो आधी कळवळतो. मग सावरतो आणि माळ वसंतसेनेकडे पाठवतो. निरोप काय, तर तुझे अलंकार मी जुगारात हरलो, त्याबदली ही घे. मैत्रेय चडफडतो की त्या किरकोळ दागिन्यांसाठी चार समुद्रांचं सार असलेली माळ देतोस. त्याचं चूक नाही.

पाचव्या अंकात वसंतसेना भर पावसात येते आणि दासीकरवी तोच निरोप उलटा फिरवते. तुमची माळ आम्ही जुगारात हरलो, तोवर हे घ्या. आणि पुढे करते ते चोरीला गेलेले तेच अलंकार, कारण शर्विलकाने ते आधीच तिच्याकडे आणून दिलेले असतात.

म्हणजे तीन माणसांनी एकाच माळेपायी तीन थापा मारल्या, व्रताची एक आणि जुगाराच्या दोन, आणि प्रत्येक थाप समोरच्याची लाज राखायला. 'कोण कोणावर प्रेम करतं' याचा तक्ता काढून हे कधी हाती लागलं नसतं.

आता सहावा अंक. वसंतसेना सकाळी चारुदत्ताच्या घरात जागी होते. मी आतल्या चौकात आले का, असं दासीला विचारते, आणि दासी म्हणते, चौकातच काय, सगळ्यांच्या काळजात. मग ती माळ धूतेकडे परत पाठवते. निरोपात धूतेला बहीण म्हणते. श्रीचारुदत्तांच्या गुणांनी जिंकलेली मी त्यांची दासी, म्हणून तुमचीही, माळ तुमच्याच गळ्यात शोभू दे. इथे कसलीही थाप नाही. धूताही सरळ बोलते: आर्यपुत्रांनी ती तुम्हाला दिली, मी घेणं बरोबर नाही, आर्यपुत्र हाच माझा खरा दागिना, एवढं ध्यानात असू द्या.

दोघी समोरासमोर नाहीत, मध्ये दासी आहे. हे वाक्य नम्रतेने म्हटलं तर मोठेपणा वाटतो. 'माझा' या शब्दावर किंचित थांबलं तर दार बंद झाल्याचा आवाज येतो. मला दोन्ही ऐकू येतात, आणि नटीने एकच निवडू नये असं वाटतं. माळ घेतली असती तर हिशेब मिटला असता. धूता तो मिटू देत नाही.

भासाच्या नावावर असलेलं 'चारुदत्त' हे चार अंकी नाटक तुझ्याकडे असेलच. तिथेही बायको माळ देते, पण ती नुसती 'ब्राह्मणी' आहे, आणि वसंतसेना चारुदत्ताकडे निघते तिथे नाटक थांबतं. माळ परत जाणं आणि नाकारली जाणं हे शूद्रकाकडे. त्याने या बाईला नाव दिलं आणि नकारही दिला.

आता तुझं 'काही अडत नाही'. दासी माळ घेऊन परत येते आणि लगेच घरातली मोलकरीण रदनिका चारुदत्त-धूतेच्या लहानग्या रोहसेनाला घेऊन येते. त्याला सोन्याची गाडी हवी आहे, हातात मातीची आहे. ज्या गाडीवरून नाटकाला नाव पडलं ती हीच. वसंतसेना त्याला जवळ घेते. ही तुझी आई, असं रदनिका सांगते. पोरगं म्हणतं, खोटं बोलतेस. ही आमची आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे?

मित्रा, हे वाक्य कशावर उभं आहे ते बघ. त्याच्या आईचा गळा रिकामा आहे. तो का रिकामा, हे प्रेक्षकाला माहीत आहे, कारण तिसऱ्या अंकात त्याने तिला शेवटची माळ काढून देताना पाहिलं आहे, आणि काही क्षणांपूर्वी ती परत घ्यायला तिने नाही म्हटलेलं ऐकलं आहे. धूता कापलीस तर रोहसेन फक्त गोड बोलणारं पोर उरतं. वसंतसेना रडत रडत दागिने उतरवते, आता झाले ना तुझी आई, म्हणते, आणि सोन्याची गाडी करून घे म्हणून सगळे त्याला देते. आईने नाकारल्यावर घाव मुलाकडून बसतो, आणि त्यावर तिच्यापाशी उतारा एकच: धूतेसारखं व्हायचं, अंगावर काही न ठेवता. हेच दागिने पुढे नवव्या अंकात न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि वसंतसेनेच्या खुनाचा आळ आलेल्या चारुदत्ताला सुळावर नेऊ बघतात.

(त्याच अंकात वसंतसेनेच्या आईलाही हात लावू नकोस. मुलगी मेली असं समजत असतानाही ती बाई म्हणते, मेली तर मेली, हा जगू दे. दोनच ओळी आहेत.)

वेळ वाचवायचा असेल तर शकाराचं घे. द्रौपदी रामाला भिऊन पळाली असं तो म्हणतो, असले विनोद पाच ठेवले काय आणि दोन ठेवले काय, माणूस तेवढाच कळतो. धूतेला मिळून दहा मिनिटंही लागणार नाहीत.

तालमीत एक करून बघ. सहाव्या अंकातला तिचा निरोप दासीच्या तोंडून न ऐकवता धूतेला रंगमंचाच्या एका टोकाला, पाठमोरी उभी ठेव. दुसऱ्या टोकाला वसंतसेना, हातात माळ. मग रोहसेनाला मधून धावत येऊ दे. कसं दिसतं ते लगेच कळव, मी वाट बघतोय.

तुझाच,
भांडखोर मित्र