मेगापिक्सेल सगळे सांगतात, भिंत कसली आहे ते कोणीच विचारत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या सीसीटीव्हीबद्दल जे काही छापून येतं, मग तो लेख असो की जाहिरात, त्यात मेगापिक्सेल असतात, नाईट व्हिजन असतं, मोबाईलवर अलर्ट कसा येतो ते असतं, पण तो कॅमेरा ज्या भिंतीवर लागणार ती भिंत कसली आहे यावर एक ओळसुद्धा नसते. बॉक्स उघडला की तीन-चार स्क्रू, तेवढेच प्लास्टिकचे प्लग (भिंतीतल्या भोकात बसून स्क्रू धरून ठेवतात ते) आणि भोकांच्या खुणा असलेला एक कागद, झालं. ते प्लग बहुतेक वेळा विटेच्या नाहीतर काँक्रीटच्या भरीव भिंतीचे असतात, आणि लोक तेच प्लग टाइलला, जिप्समला, पोकळ ब्लॉकला, दिसेल तिथे ठोकतात. फिटिंगवाला पण घाईत असतो, त्याला पुढचं घर गाठायचं असतं.

आता कोणी म्हणेल की कॅमेरा तो केवढा आणि त्याचं वजन ते किती. खरंय. अर्धा किलोचा कॅमेरा भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे आलेला धरा आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे स्क्रू ५ सेंटीमीटर अंतरावर, तर वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारा जोर येतो जेमतेम दीड किलोचा, चांगल्या भिंतीत बसलेल्या प्लगला हे काहीच नाही. पण हा जोर दिवसरात्र असतो, त्यात वारा हलवतो, पक्षी येऊन बसतात, आणि अँगल ठीक करायला म्हणून आपणच शिडीवर चढून कॅमेऱ्याची मान पिळतो तेव्हा तर सगळ्यात जास्त ताण येतो. कॅमेरा धाडकन पडला तर निदान कळतं तरी. तो हळूहळू झुकतो तेव्हा खरी पंचाईत, कारण फक्त १ अंश झुकला तरी २० मीटरवरचं दृश्य साधारण ३५ सेंटीमीटर सरकतं, म्हणजे गेटवरच्या माणसाचा चेहरा फ्रेमच्या बाहेर आणि चपला मात्र एकदम फोर-के मध्ये.

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ प्लास्टरचा होतो. बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर साधारण १५ ते २० मिलिमीटर जाड असतं आणि बॉक्समधला प्लग असतो पंचवीस-तीस मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त प्लग प्लास्टरमध्येच राहिला आणि विटेला नुसतं टोक लागलं. प्लग धरतो तो फुगून, स्क्रू आत गेला की तो भोकाच्या कडेवर दाबला जातो, पण ती कडच भुसभुशीत असेल तर दाबून उपयोग काय? बाहेरच्या भिंतीला सरळ ५० मिलिमीटरचा प्लग आणि त्याहून थोडा लांब स्क्रू घ्यावा, भोक प्लगपेक्षा थोडं खोल असावं, आणि भोकातली धूळ फुंकून किंवा ब्रशने काढावी. हे शेवटचं काम अगदी मिनिटभराचं आहे पण कोणी करत नाही, धूळ आत राहिली की प्लग पूर्ण आत जात नाही आणि भिंतीला नीट धरतही नाही. ६ मिलिमीटरच्या प्लगला ड्रिलचा बिट, म्हणजे भोक पाडायची सळी, ६ चाच. भोक सैल झालं म्हणून काडी किंवा कागदाचा बोळा कोंबणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

भिंत कसली ते ओळखायला इंजिनिअर बोलवावा लागत नाही, ड्रिलमधून पडणारी पावडरच सांगते. प्लास्टर ओलांडल्यावर लाल भुकटी आली तर वीट, मग हॅमर ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोके देणारं, चालतं, मात्र दोन विटांमधल्या सांध्यात भोक पडलं असेल तर जागा थोडी बदला, जुना मसाला सुटतो. करडी बारीक पावडर आणि बिट अगदी रडतखडत पुढे जातोय म्हणजे काँक्रीट, तिथे हॅमरशिवाय नुसता बिट तापतो, आणि मध्येच बिट अडून कर्कश आवाज आला की सळई लागली, जोर न लावता बाजूला सरका. पांढुरकी मऊ पावडर आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर ते हलके एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या काँक्रीटचे, यांना हॅमर मोड अजिबात नको कारण भोकाचं तोंड मोठं होतं, आणि प्लग पण या ब्लॉकसाठीचा खोल आट्यांचा आणि लांब घ्यायला लागतो. आणि बिट अचानक धपकन पोकळीत गेला तर तो पोकळ ब्लॉक नाहीतर जिप्सम बोर्ड, तिथे साधा प्लग म्हणजे शुद्ध देवावर भरोसा.

जिप्समचा बोर्ड असतो सहसा साडेबारा मिलिमीटर जाड. त्याच्यामागे जी धातूची पट्टी असते त्यात स्क्रू गेला पाहिजे, ती पट्टी छोटं चुंबक फिरवून सापडते. पट्टी नको त्या जागी असेल तर मागे जाऊन उघडणारा टॉगल किंवा बटरफ्लाय अँकर वापरायचा. फॉल्स सीलिंगला डोम कॅमेरा लावला असेल तर वरच्या स्लॅबला बांधलेली एक सेफ्टी वायर हवीच.

टाइलवर टेपचा क्रॉस लावून, हॅमर बंद ठेवून, टाइलचा बिट हळू फिरवत जायचं, हॅमर चालू करायचा तो टाइल पार झाल्यावर. आणि प्लग टाइलच्या मागे पूर्ण ढकलायचा, कारण तो टाइलमध्येच फुगला तर भोक कितीही सुबक असू दे, टाइल तडकते. ठोकून बघितल्यावर पोकळ वाजणारी टाइल सोडून द्या. लाकडाला प्लग लागत नाही, स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडलं की पुरे. पत्र्याला रबर वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, तेही जमलं तर मागच्या अँगलमध्येच, नाहीतर वाऱ्याने पत्रा हलला की मोशन अलर्टचा पाऊस पडतो आणि शेवटी माणूस वैतागून अलर्टच बंद करून टाकतो.

राहिला तो दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप. तो भिंतीला चिकटतच नाही, तो चिकटतो रंगाला, आणि रंगाने भिंत सोडली की कॅमेरा रंगासकट खाली. घरात गुळगुळीत पृष्ठभागावर हलका कॅमेरा असेल तर ठीक, बाहेर उन्हापावसात मला तरी तो मान्य नाही.

पाण्याचं पण लिहितो कारण भिंतीतलं भोक म्हणजे पाण्याला आमंत्रणच. वायरचं भोक आतून बाहेर उतरतं पाडावं, वायर आत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवावा म्हणजे थेंब तिथून गळून पडतात, आणि ब्रॅकेटला सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावावं पण खालची कड मोकळी सोडावी, आत गेलेलं पाणी बाहेर तरी पडेल. आयपी ६६, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, कॅमेऱ्याच्या बॉडीला असतं, मागे लोंबणाऱ्या कनेक्टरला नाही, तो जंक्शन बॉक्समध्येच, म्हणजे वायरचे जोड झाकणाऱ्या बंद डबीतच, जायला हवा. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. साधे स्क्रू गंजतात, भिंतीवर तांबडे ओघळ येतात आणि मग काढायला गेलं की डोकं तुटून हातात. आणि हो, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायर सहसा तिथूनच जाते.

हे सगळं कॅमेरा घेणाऱ्याला पाठ असावं अशी अपेक्षा नाही. माझं म्हणणं कंपन्यांना आणि विक्रेत्यांना आहे. बॉक्सवर आतले प्लग कुठल्या भिंतीसाठी आहेत आणि बिट किती नंबरचा लागेल हे ठळक छापा. ऑनलाइन घेताना रंग विचारता, रिझोल्यूशन विचारता, मेमरी कार्ड हवं का विचारता, त्यातच भिंत वीट, काँक्रीट, ब्लॉक, जिप्सम की पत्रा हा एक पर्याय टाका आणि त्याप्रमाणे स्क्रू-प्लगचं पाकीट द्या. कॅमेऱ्याच्या मानाने त्याचा खर्च नगण्य आहे. आणि आपल्या पेपरात पुढच्या वेळी कॅमेऱ्यांची तुलना छापाल तेव्हा त्या तक्त्यात बॉक्समध्ये कुठले प्लग आले याचा पण एक रकाना ठेवा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक