इलेक्ट्रिक गाडीच्या फ्लोअरला ड्रिल लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या इलेक्ट्रिक गाड्या आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावातही हिरव्या पाटीची टियागो ईव्ही किंवा कॉमेट दिसते. पुष्कळ जण खालचा किंवा मधला प्रकार घेतात आणि शोरूममधून निघाल्यावर गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानापुढे उभी करतात, मग ती पुण्याची नाना पेठ असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड. यात काही वावगे नाही. हवी ती वस्तू बाहेरून बसवून वरच्या प्रकाराचे पैसे वाचत असतील तर ते वाचवावेतच. पण या दुकानांतल्या कारागिरांचा हात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बसलेला आहे आणि त्यातल्या काही सवयी इलेक्ट्रिक गाडीत महागात पडतात, क्वचित जिवावरही बेततात. त्या नेमक्या कोणत्या, हे ग्राहकालाच ठाऊक असायला हवे, म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी ड्रिलबद्दल. सबवूफरची पेटी, ॲम्प्लिफायर, मडफ्लॅप, दाराखालच्या स्टीलच्या पट्ट्या या साऱ्यांसाठी पत्र्याला भोक पाडून सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारण्याची पद्धत आहे. या गाड्यांत मुख्य बॅटरी तळाशी असते. केबिनच्या किंवा डिकीच्या फ्लोअरमधून आरपार गेलेला स्क्रू बॅटरीच्या पेटीपर्यंत किंवा तिथून निघालेल्या नारिंगी केबलपर्यंत जाऊ शकतो. नारिंगी आवरणाची प्रत्येक वायर उच्च दाबाची असते. बोनेटखालच्या बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली म्हणजे सगळी गाडी मेली, हा समज चुकीचा आहे. त्यामुळे कॉन्टॅक्टर (मुख्य बॅटरी गाडीला जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) उघडतात, पण मुख्य बॅटरीच्या पेटीतला विजेचा दाब तसाच राहतो. म्हणून नियम सरळ आहे: फ्लोअरला आणि दाराखालच्या बीमला एकही भोक नको. पेटी वेल्क्रोने किंवा पट्ट्याने डिकीतल्या मूळ हुकांना बांधावी, पट्ट्या चांगल्या दुहेरी टेपवर बसतात आणि मडफ्लॅप चाकाच्या कमानीतल्या मूळ क्लिपांच्या जागीच लावावेत.

खालून गंजरोधक कोटिंग करून घेणाऱ्यांनीही सांभाळावे. फवारा मारण्यापूर्वी बॅटरीची पेटी, तिच्यातल्या हवेचा दाब समतोल राखणारा व्हॉल्व्ह, नारिंगी केबल, अर्थिंगचे बोल्ट आणि पाणी निघून जाण्याची भोके कागद-टेपने झाकून घेतली पाहिजेत. गाडी उचलायची ती मॅन्युअलात दाखवलेल्या चार जागांवरच, रबरी ठोकळा घालून. मधोमध जॅक लावला तर बॅटरीच्या तळाला पोचा पडतो आणि वॉरंटीचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

आता बारा व्होल्ट. तक्रारी सर्वाधिक इथे येतात. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे, काचा, लॉक, स्क्रीन आणि सगळे संगणक साध्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. मुख्य बॅटरीचे कॉन्टॅक्टर जोडायलाही तीच लागते. ती उतरली की मुख्य बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, अनेकदा चार्जिंगही घेत नाही. आणि ती उतरवण्याचे काम एक डॅशकॅम सहज करतो. पार्किंग मोडमधला कॅमेरा सुमारे ०.३ अँपियर घेतो, म्हणजे दिवसाला सात अँपियर-तास. बॅटरी ३५ अँपियर-तासाची धरली तर अडीच दिवसांत ती निम्म्यावर येते. गाडी स्टेशनवर लावून चार दिवस गावी गेलेल्या माणसाला परतल्यावर बंद गाडी मिळते आणि दोष गाडीच्या माथी बसतो. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष तपासण्याचे यंत्र जिथे जोडतात ते) कायम खोचून ठेवलेले ट्रॅकर याहून वाईट, कारण ते स्वतः वीज खातातच, शिवाय काही गाड्यांत संगणकांना झोपूही देत नाहीत.

उपाय अवघड नाही. कॅमेऱ्याला हार्डवायर किट घ्यावे, त्यात लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी ठरावीक पातळीपर्यंत उतरली की कॅमेरा बंद करणारी सोय) हवा आणि तो किमान १२.२ व्होल्टवर ठेवावा. वीज घ्यायची ती फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर देणारा जोड) लावून. मूळ वायर सोलून त्यावर पीळ देऊन टेप गुंडाळणे किंवा वायर न सोलता जोडणारे निळे चिमटे दाबून बसवणे नको. चिमट्याचे पाते तांब्याचे तंतू कापते, पहिल्या पावसाळ्यात तिथे हिरवट गंज चढतो आणि वर्षभराने मधूनच बंद पडणाऱ्या एखाद्या सेन्सरचा शोध घेत बसावे लागते. स्टीरिओ किंवा रिव्हर्स कॅमेरा घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: कपलर टू कपलर (वायर न कापता मूळ जोडातच बसणारे) आहे का? तुमच्या मॉडेलचा तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) मिळत असेल तर एकही वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीच्या वेळी मूळ स्टीरिओ परत जोडता येतो. हार्नेस मिळत नसेल तर ती वस्तू थोडे महिने लांबणीवर टाकलेली बरी.

ॲम्प्लिफायरचे गणित वेगळे. ४०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात ४० अँपियरच्या आसपास ओढतो. त्याला थेट बॅटरीपासून १० चौरस मिलिमीटरची वायर हवी आणि बॅटरीपासून ३० सेंटिमीटरच्या आत ५० अँपियरचा फ्यूज हवा. वायर चाकूने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, ते परत करा. सिग्नलच्या वायरी पॉवरच्या वायरीपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो.

काम झाल्यावर दुकानातच एक मोजमाप करून घ्यावे. बोनेट उघडे ठेवून गाडी लॉक करायची, चावी लांब ठेवायची, अर्धा तास थांबायचे आणि बारा व्होल्टच्या बॅटरीच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावून प्रवाह पाहायचा. हेच मोजमाप काम सुरू करण्यापूर्वीही घेतलेले असावे. झोपलेली गाडी साधारण ५० मिलिअँपियरच्या आत असायला हवी. कॅमेऱ्याचा पार्किंग मोड बंद असताना आकडा आधीपेक्षा बराच वाढला, तर जोडणी चुकीच्या फ्यूजवर झाली आहे. आणखी एक: बंद पडलेल्या पेट्रोल गाडीला जंप देण्यासाठी आपली इलेक्ट्रिक गाडी पुढे करू नका. दुसऱ्याच्या स्टार्टरचा प्रवाह पुरवण्यासाठी ही व्यवस्था केलेलीच नाही.

हेडलाइटचे एलईडी बल्ब ‘रेंज वाढते’ म्हणून विकले जातात. हिशेब करून पाहा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन तासभर जळले तर ११० वॉट-तास खर्च होतात आणि छोटी गाडी शहरात किलोमीटरला साधारण तेवढेच घेते. म्हणजे रात्री तासभर गाडी चालवून वाचला तो एक किलोमीटर, तोही एलईडी शून्य वीज घेतात असे धरून. उलट हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला की प्रकाशाची कड फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. १०० वॉटचे बल्ब तर नकोतच, होल्डरचे प्लास्टिक वितळते.

टायर आणि अलॉय व्हील हा हौसेचा सर्वांत खर्चिक भाग. टियागो ईव्हीचा टायर १७५/६५ आर १४, बाहेरचा व्यास ५८३ मिलिमीटर. त्याजागी १८५/६० आर १५ टाकला की व्यास ६०३ होतो, म्हणजे ३.४ टक्के जास्त. ओडोमीटर तेवढे अंतर कमी मोजतो, त्यामुळे ‘रेंज घटली’ या तक्रारीतला एवढा वाटा निव्वळ मोजणीचा असतो. बाकीची घट खरी असते, कारण रुंद टायरचे घर्षण आणि बाजारू अलॉयचे वजन दोन्ही बॅटरीतूनच वसूल होते. १५ इंचच हवे असेल तर १८५/५५ आर १५ व्यासाने जवळजवळ मूळ टायरइतकाच, ५८४.५ मिलिमीटर. मात्र त्याची बाजूची भिंत कमी उंचीची, आपल्या खड्ड्यांत रिम वाकण्याची भीती जास्त. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा खाली नको: ८२ म्हणजे टायरमागे ४७५ किलो, ८१ म्हणजे ४६२. बॅटरीमुळे ही गाडी पेट्रोल टियागोहून जड आहे, इथे तडजोड करू नये. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळला की व्हील बसले असे दुकानदार म्हणतो, पण सेंटर बोअर (व्हीलचे मधले भोक) मोठा असेल तर ती फट भरणारी हब रिंग हवी. नाहीतर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी जात नाही. कॉमेटचा १४५/७० आर १२ टायर आहे, तिथे मूळ मापच ठेवावे हे आमचे स्पष्ट मत. या दोन्ही गाड्यांत स्टेपनी नाही. म्हणून अलॉयच्या पैशांतून आधी पंक्चर किट आणि एक बरा पंप घ्या. पंप चालवताना गाडी रेडी स्थितीत (सुरू, पण उभी) ठेवा, म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी उतरत नाही.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. कलम १८२अ (४) नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बुलगार्ड नको. पूर्ण रॅप करून रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद हवी. काचांतून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. उन्हासाठी उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावावा. एसीवरचा भार त्याने कमी होतो आणि तो बेकायदा नाही.

शेवटची वस्तू गाडीत बसत नाही, घराच्या भिंतीवर बसते, आणि आमच्या मते पहिला खर्च तिच्यावर व्हावा. ३.३ किलोवॉटचा चार्जर १४-१५ अँपियर सलग सात-आठ तास ओढतो. गिझर पंधरा मिनिटे चालतो म्हणून टिकलेले सॉकेट या भाराखाली काळे पडते. स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपियरची टाइप ए आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपियरचे निळे इंडस्ट्रियल सॉकेट एवढे करावे. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर प्लग हातात धरवत नसेल तर जोड सैल आहे. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो आणि तो थांबू नये म्हणून काही वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. न्यूट्रल तुटला त्या दिवशी गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट येतात. कोकणातल्या जांभ्यात आणि देशावरच्या खडकात उन्हाळ्यात अर्थिंग कोरडे पडते, म्हणून केमिकल अर्थिंग करून मे महिन्यात ते पुन्हा मोजून घ्यावे.

आमच्या तीन मागण्या आहेत. उत्पादकांनी डॅशबोर्डखाली फ्यूजसह एक मोकळा ॲक्सेसरी कपलर द्यावा आणि त्याची क्षमता मॅन्युअलात छापावी. परिवहन विभागाने इलेक्ट्रिक गाडीत काय चालते आणि काय चालत नाही, याची मराठी यादी प्रत्येक आरटीओत लावावी. आणि आयटीआयमध्ये ॲक्सेसरीजच्या कारागिरांसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग सुरू व्हावा, ज्यात नारिंगी केबल, डीसी क्लॅम्प मीटर आणि हार्नेसची ओळख प्रत्यक्ष गाडीवर करून दिली जाईल.

आपले,
मोटारींच्या विद्युत जोडणीचे काम करणारे दोन वाचक, पुणे