पाळकसाहेब, पायांकडे बघायला शिकवलंत म्हणून

आदरणीय पाळकसाहेब,

सप्रेम सलाम.

तुमच्या निवृत्तीच्या निमित्ताने मंडळी निरोपाचा कार्यक्रम करीलच. तुमची प्रवचनं, भजनं, लावलेली लग्नं, दिलेले बाप्तिस्मे यांच्या आठवणी निघतील. कुष्ठरोग वसाहतीतलं तुमचं काम मात्र घमेल्यांत, चपलांच्या तळव्यांत आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्समध्ये झालं. ते व्यासपीठावरून सांगायला अवघड आहे. आम्ही कुष्ठरोगाच्या कामातले कार्यकर्ते, ते जवळून पाहिलेले. म्हणून हे आभाराचं पत्र उघडपणे आणि जरा तपशिलात लिहितो आहोत. इतर मंडळ्यांतल्या पाळकांनाही त्यातून काही उचलता आलं तर फार बरं.

कुष्ठरोगाचे जंतू गोळ्यांनी मरतात. पीबी (कमी जंतूंच्या) प्रकारात सहा महिने आणि एमबी (जास्त जंतूंच्या) प्रकारात बारा महिने एमडीटी, म्हणजे एकत्र द्यायची अनेक औषधं, घेतली की रोग बरा होतो, आणि ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रोगाने मेलेली नस मात्र गोळीने परत जिवंत होत नाही. वसाहतीतल्या बहुतेकांचा रोग केव्हाच बरा झालाय, तरी त्यांचे पाय अजून झिजतात, कारण काटा रुतला, खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. दुखणं जे काम आपोआप करून देतं, ते या माणसांना रोज आठवणीने करावं लागतं. हे तुम्ही फार लवकर ओळखलंत आणि सगळ्या सेवेची मांडणी त्यावर केलीत. आमच्या मते तुमच्या कामाचं मर्म हेच.

रविवारी उपासनेआधी मंदिराच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, ओट्यावर पाय भिजवायचा परिपाठ तुम्ही सुरू केलात. घमेल्यात साधं पाणी, कोमट नाही आणि गरम तर मुळीच नाही. आणि ज्याच्या हाताला संवेदना आहे त्यानेच आधी पाण्यात कोपर बुडवून बघायचं. वीस मिनिटं पाय पाण्यात. मग मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायचा. पातं, ब्लेड, सुरी वर्ज्य. पाय पुसून कोरडे करण्याआधीच, ओलसर असताना तेल लावायचं, म्हणजे ओलावा आत राहतो. नसेबरोबर घाम येणंही बंद झालेलं असतं, त्यामुळे कातडी सुकून भेगाळते आणि त्या भेगांतून जंतू आत जातात. तेल कुठलं हे महत्त्वाचं नाही, रोज लावणं महत्त्वाचं. शेवटी तळव्याखाली आरसा धरून बघायचं आणि दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू फिरवायची. एक जागा दुसऱ्यापेक्षा गरम लागली तर आत काहीतरी बिघडतंय असं समजायचं, वर जखम दिसत नसली तरी.

घट्टा का काढायचा, हे तुम्ही प्रत्येक वेळी समजावून सांगत राहिलात. कडक घट्टा चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसावर दाबतो. आतलं मांस मरतं, काळानिळा डाग दिसतो, आणि एक दिवस तिथे भोक पडतं. ते हाडापर्यंत गेलं की घाण वास येतो, हाडाचे तुकडे बाहेर पडतात आणि पाय आखूड होत जातो.

एका गोष्टीचं आम्हाला विशेष कौतुक आहे. मंदिरात सगळे सतरंजीवर मांडी घालून बसत. बधिर पायाच्या माणसाने तासभर तसं बसलं की घोट्याच्या बाहेरच्या हाडावर भार येतो आणि तिथे जखम होते. तिथली जखम भरायला फार वेळ लागतो, कारण हाडावर मांस जवळजवळ नसतंच. तुम्ही बुटकी बाकं करून घेतलीत, प्रवचन आटोपशीर केलंत आणि मध्ये सगळ्यांना उभं करून एक गीत जास्तीचं घातलंत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते नुसतं गीत वाटे.

जखम मलमाने भरते अशी सगळ्यांची समजूत असते. खरं तर ती विश्रांतीने भरते. साबण-पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि त्या पायावर भार टाकू नये. हाडापर्यंत न गेलेली जखम अशाने बहुधा काही आठवड्यांत भरून येते. पण रोजंदारीवर जाणाऱ्याने किंवा स्टेशनाबाहेर बसणाऱ्याने पाय उचलून धरला तर चूल कशी पेटणार? इथेच बहुतेक योजना फसतात. आम्ही पट्टी बांधून देतो, माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पायावर कामाला जातो, आणि मग तो ऐकत नाही असा शेरा कागदावर येतो.

तुम्ही कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे त्यासाठी लावलेत. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल. ज्याच्या पायाला जखम त्याच्या घरी दर आठवड्याला शिधा, आणि अट एकच: पाय बाजेवर राहिला पाहिजे. वही पाळकीणबाईंनी सांभाळली. तिच्यात नावापुढे जखमेची लांबी-रुंदी लिहिलेली असे, दर आठवड्याला पट्टीने मोजून. माप कमी होत नसेल तर दोनच कारणं: माणूस चालतोय, नाहीतर हाडाला लागलंय. पहिलं असेल तर शिधा पुरत नाही असं धरून तो वाढवायचा. दुसरं असेल तर दवाखाना. शिधा बंद करायचा, हा पर्याय त्या वहीत नव्हता. आणि ही वही नि बाप्तिस्म्याची नोंदवही तुम्ही कधी एका टेबलावर ठेवली नाहीत. कोण कुठल्या देवाला हात जोडतो, हे जखमेच्या नोंदीत विचारलं गेलं नाही.

चपलांचंही तसंच. एमसीआरचं (बारीक छिद्रांचं) मऊ रबर आत, टायरचा कडक तळ खाली, मागे पट्टा, अंगठ्यात अडकवायची पट्टी नाही, आणि खिळा तर एकही नको, सगळं चिकटवलेलं. चिमटीत दाबल्यावर रबर निम्म्यावर आलं तर चांगलं. दबेना किंवा दबून तसंच राहिलं तर चप्पल बदलायची वेळ झाली. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायची, काढून पाय बघायचा, मग रोज थोडा वेळ वाढवायचा. हे आम्हालाही माहीत होतं. आमच्याकडून मिळालेल्या चपला पेटीत का पडून राहतात, हे मात्र तुमच्यामुळे उमगलं. ती चप्पल लांबूनच ओळखू येई आणि घालणारा कुष्ठरोगी म्हणून बाजारात वेगळा पडे. तुम्ही चांभाराला बसवून बाजारातल्या सँडलसारखा तपकिरी वरचा भाग लावून घेतलात आणि पहिला जोड स्वतः वापरलात.

नव्या रुग्णांच्या बाबतीत तुमचा एक नियम आम्ही आता सगळीकडे सांगतो. एमबीची गोळी सुरू होण्याआधीच तुम्ही घरच्यांना सांगत असा: लघवी लाल होईल, ते रक्त नाही, चेहरा काळवंडेल, तो औषध संपल्यावर हळूहळू उजळेल. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी जण मधेच औषध सोडतात, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुली. आणि चट्टे एकदम लाल होऊन सुजले, कोपरामागची नस ठणकू लागली, हातातली ताकद गेली, तर ती रिअ‍ॅक्शन, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीरातच उसळलेला दाह. त्यात एमडीटी थांबवायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण सहा महिन्यांहून जुनं नसेचं नुकसान बहुधा परत भरून येत नाही. डॉक्टरांनी ही सूज उतरवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं तर ते टप्प्याटप्प्यानेच कमी करायचं, बरं वाटलं म्हणून अचानक सोडायचं नाही. लोक तुमच्याकडे आधी प्रार्थनेसाठी येत. तुम्ही म्हणत, "गाडीत बसा, वाटेत करू." प्रार्थना व्हायची, आणि माणूस वेळेत पोहोचायचा.

डोळ्यांचं थोडक्यात सांगतो. ज्यांच्या पापण्या नीट मिटत नाहीत, त्यांनी भजनाच्या प्रत्येक ध्रुपदाला डोळे घट्ट मिटायचे, ही युक्ती तुमचीच. एका उपासनेत व्यायाम पुरा होतो आणि कुणाला मुद्दाम आठवण करावी लागत नाही.

आणि कागदपत्रं. रेशन दुकानातल्या यंत्राला बोटाचा ठसा लागतो. इथे बोटं झिजलेली, काहींची नाहीतच. बुबुळ दाखवावं तर कित्येकांच्या डोळ्यांत फूल पडलेलं. आधारमध्ये अशांची नोंद बायोमेट्रिक अपवाद म्हणून, दोन्ही हात दिसतील असा फोटो काढून करता येते, हे केंद्रचालकाला समजावत तुम्ही रांगेत उभे राहिलात. मोबाइल क्रमांक जोडून घेतलात, म्हणजे ठशाऐवजी ओटीपीवर धान्य मिळावं. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान हयातीच्या दाखल्याअभावी थांबतं, म्हणून दर वर्षी सगळ्यांचे दाखले एकदमच नेऊन दिलेत. १८९८चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही, हेही वसाहतीत पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं. नवऱ्याने टाकण्याची भीती असलेल्या बायकांसाठी ती बातमी मोठी होती.

प्रभुभोजनाच्या वेळी सगळे ज्यातून पीत तोच पेला तुम्ही शेवटी स्वतः घेत असा. उपचार घेतलेल्या माणसापासून हा रोग पसरत नाही हे आम्ही पोस्टरवर छापतो. लोकांनी ते तुमच्याकडे बघून मानलं.

पाळकसाहेब, तुमचे आणि पाळकीणबाईंचे मनापासून आभार. शिध्याची वही, चांभाराकडची पायांची मापं आणि अपवाद-नोंदणीची यादी नव्या पाळकांच्या हाती चर्चच्या दफ्तराबरोबरच द्यावी, अशी विनंती आम्ही मंडळीच्या पंचांना केली आहे. मापं जुनी झाली आहेत, ती पावसाळ्याआधी नव्याने घेऊ. तेव्हा तुम्ही दोघं आलात तर फार आनंद होईल.

तुमचे,
कुष्ठरोग सेवेतले सर्व कार्यकर्ते