गाळ काढण्याआधी वेक्शोचा ट्रुमेन तलाव पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की इंदुरात सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला या तलावांच्या गाळाचा विषय निघतोच. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहेत, आणि २०२५च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा पोकलेन तलावात उतरवण्याआधी स्वीडनमधल्या वेक्शो गावाने हेच काम पन्नासेक वर्षांपूर्वी कसे केले, ते पाहायला हरकत नाही.

वेक्शो दक्षिण स्वीडनमधले, तळ्यांच्या मधोमध वसलेले शहर. स्वीडिशमध्ये 'वेग' म्हणजे रस्ता आणि 'शो' म्हणजे तळे. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून वाट जायची, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. १३४२ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा लिनियस इथल्याच शाळेत शिकला. आज नगरपालिकेच्या हद्दीतली वस्ती लाखाच्या आतबाहेर. शहराच्या उष्णता केंद्रात १९८० पासून तेलाऐवजी जंगलातला लाकूडचुरा जळू लागला, आणि १९९६ मध्ये दगडी कोळसा व तेल पूर्ण सोडण्याचा ठराव नगरपालिकेने केला. युरोपात वेक्शोचे नाव झाले ते यामुळे. आमच्या मते मात्र त्या गावाचे खरे मोठे काम आधीचे आहे, ट्रुमेन तलावाचे.

ट्रुमेन साधारण १०० हेक्टरांचा, उथळ. गावाचे सांडपाणी आणि अळशीच्या धाग्याच्या कारखान्याचे पाणी वर्षानुवर्षे त्यात जात होते. उन्हाळ्यात हिरवट शेवाळाची साय, हिवाळ्यात बर्फाखाली प्राणवायू संपून मेलेले मासे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी वळवले. आपल्याकडे ज्याला नाला टॅपिंग म्हणतात, तेच. पुढे दहा वर्षे वाट पाहिली, पण तलाव तसाच राहिला.

याचे कारण तळाशी होते. लुंड विद्यापीठाचे स्वेन ब्यर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचे उभे नमुने काढले. खाली जुना तपकिरी गाळ, वर काळा, सैल, फॉस्फरसने (शेवाळाच्या खताने) भरलेला थर. पूर्वी तिथे वर्षाला ०.४ मिलिमीटर गाळ साचत असे. सांडपाण्याच्या काळात तो ८ मिलिमीटरवर गेला, म्हणजे वीसपट. तळाशी प्राणवायू असतो तोवर फॉस्फरस लोहाला धरून गाळात राहतो. प्राणवायू संपला की ती पकड सुटते, फॉस्फरस पाण्यात येतो आणि शेवाळाला बाहेरून काही आणून द्यावे लागत नाही. आपल्याकडे हा धोका जास्तच, कारण ३० अंशांच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, १० अंशांच्या पाण्यात अकराच्या वर.

म्हणून १९७० मध्ये अर्धा मीटर आणि १९७१ मध्ये आणखी अर्धा मीटर गाळ शोषक ड्रेजरने (पाण्यासकट गाळ ओढणाऱ्या यंत्राने) काढला. तलाव रिकामा केला नाही. सरासरी खोली १.१ मीटरवरून १.७५ मीटर झाली. खरी हुशारी पुढे होती. ओढलेल्या गाळात पाणीच फार असते आणि ते पाणीही फॉस्फरसने भरलेले असते. ते काठावरच्या निवळण तळ्यांत थांबवले, त्यात अॅल्युमिनियम सल्फेट घालून (आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी निवळायला वापरतात तेच) फॉस्फरस खाली बसवला आणि मगच पाणी तलावात परत सोडले. सुकलेला गाळ बागा आणि हिरवळीला माती म्हणून गेला. पाण्यातला फॉस्फरस सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. पारदर्शकता २३ सेंटिमीटरवरून ७५वर गेली.

हे जसेच्या तसे इंदुरात चालणार नाही. आपले तलाव मातीच्या बांधाचे, आणि मे महिन्यात त्यांचा बराच भाग उघडा पडतो. कोरडी खुदाई स्वस्त पडते, ती करावी. पण आधी हिशेब मांडावा. १०० हेक्टरांवर अर्धा मीटर म्हणजे ५ लाख घनमीटर, १० घनमीटरच्या डंपरच्या ५० हजार खेपा. दिवसाला ५०० खेपा धरल्या तरी १०० दिवस लागतात, आणि पावसाळा जूनच्या मध्याला दारात उभा असतो. काम अर्धवट राहते ते इथे. मग उरलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवला जातो आणि पहिल्या दोन जोरदार सरींत परत आत येतो. तो ढीग पाणलोटाच्या बाहेर गेलाच पाहिजे.

दुसरी चूक खोल खणण्याची. तळाची चिकण काळी माती हेच तलावाचे अस्तर. मुरूम दिसेपर्यंत खोदले की पाणी भेगाळ बसाल्टमधून झिरपते आणि हिवाळ्यातच तलाव आटतो. म्हणून ५० मीटरच्या चौकटीत नमुने घेऊन काळ्या सैल थराची जाडी आधी नकाशावर मांडावी, आणि तेवढाच थर काढावा. काठ उभे कापू नयेत. सिरपूरला येणाऱ्या, चिखलात चालून भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्यांना गुडघाभर पाण्याचा उतार लागतो. दगडी भिंत बांधून फिरायला रस्ता होतो, पक्षी मात्र जातात. शहरी गाळ शेतकऱ्याला देण्याआधी शिसे, क्रोमियम, कॅडमियम तपासून घ्यावे. खेडेगावच्या तलावातला गाळ आणि हा गाळ एक नव्हे.

ट्रुमेनवर माशांचेही काम करावे लागले. तळ उकरणारे आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगणारे मासे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जाळ्यांनी काढले. आपल्याकडे तळ उकरण्याचे काम कॉमन कार्प, म्हणजे सायप्रिनस, करतो. मासेमारीच्या ठेक्यात तो सोडायला मुभा असेल तर गाळावरचा खर्च निम्मा वाया गेला समजा. रोहू, कटला, मृगळ यांवर ठेका सहज चालतो.

आणि नाल्यांचा क्रम. टॅपिंग कोरड्या दिवसांत धरते, पण पहिल्या पावसात चेंबर भरून सांडपाणी तलावाकडे वळते. तेव्हा किमान एक पूर्ण चौमासा प्रत्येक तोंडाशी पाहणी करून, आत काय येते ते मोजूनच गाळाची निविदा काढावी.

तलावाच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला महाग यंत्र लागत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांत रंगवलेली पत्र्याची चकती, खाली वजन, दर १० सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी. भर दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने चकती सोडायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहायची. आठवड्यातून एकदा, त्याच जागी. ही नोंद काम सुरू होण्याआधी वर्षभर तरी हवी, कारण आधीचे मे आणि नंतरचे ऑक्टोबर ताडून काहीच कळत नाही.

आपले,
तलाव व सांडपाणी व्यवस्थापनाच्या कामातले काही वाचक, इंदूर