बेदाण्याने राखलेला मळा

हेरेस दे ला फ्रोंतेरा, स्पेन
५ सप्टेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

निघताना तू बजावले होतेस की, राजवाडे आणि चर्चे यांची वर्णने वहिनींसाठी राखून ठेव, मला तेवढे तिथले लोक द्राक्षाचे काय करतात ते नीट लिही. येथे येऊन आठ दिवस झाले. राजवाडा एकच पाहिला आणि तोही बाहेरून. बाकी सारा वेळ मळ्यांत आणि पिंपांच्या कोठारांत गेला, तेव्हा पत्र लांबणार हे आधीच सांगून ठेवतो. तू माळकरी, थेंबालाही न शिवणारा. पण या गावची एक जुनी हकीकत अशी आहे की, ती तासगावच्या बेदाणेवाल्यालाच पहिल्यांदा सांगितली पाहिजे.

हे गाव स्पेनच्या दक्षिण टोकाला, आंदालुसियात, अटलांटिक समुद्रापासून थोडेसेच आत आहे. अरब याला शेरीश म्हणत आणि त्या शेरीशचा इंग्रजांच्या तोंडी झालेला अवतार म्हणजेच शेरी, येथली द्राक्षाची दारू. आठव्या शतकापासून पाचशेहून अधिक वर्षे येथे मुसलमानी अंमल होता. ९६६ साली कोर्दोबाचा खलिफा दुसरा अल हकम याने धर्माज्ञेला अनुसरून येथील वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. तेव्हा गावकऱ्यांनी असे निवेदन केले म्हणतात की, आमच्या द्राक्षांचे मनुके होतात आणि मोहिमेवर निघालेल्या सैन्याच्या शिदोरीत तेच असतात. हुकूम सगळा फिरला नाही, पण एक तृतीयांश वेली काढून भागले आणि बाकीच्या वाचल्या. सगळाच माल सैन्याच्या पोटात गेला असेल असे मला वाटत नाही. पण १२६४ मध्ये कास्तिलच्या दहाव्या आल्फोन्सो राजाने हे गाव घेतले तेव्हा मळे उभे होते, आणि त्याचे थोडे तरी श्रेय तुझ्या मालाला जाते.

आता जमिनीविषयी. गावाबाहेर पडले की टेकड्याच्या टेकड्या खडूसारख्या पांढऱ्या दिसू लागतात आणि दुपारी त्यांच्याकडे पाहताना डोळे मिटावे लागतात. या मातीला आल्बारिसा म्हणतात. चुनखडीची जमीन म्हटली की आपल्याकडे पाने पिवळी पडण्याची धास्ती. येथे मात्र तिला सर्वांत जास्त भाव. ती कधी काळी समुद्राचा तळ होती आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांनी भरलेली आहे. पाऊस वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर, तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने थेंब नाही. ही माती हिवाळ्यात स्पंजासारखी पाणी पिते आणि उन्हाळ्यात वरचा थर कडक होऊन आतली ओल कोंडून ठेवतो. तोडणी संपली की दोन ओळींच्या मध्ये लहान लहान आळी काढतात, म्हणजे उतारावरून पाणी माती घेऊन धावत नाही, जिथे पडले तिथेच मुरते. याला आसेर्पिया म्हणतात.

छाटणीची रीत तर मी मुद्दाम दोनदा विचारून घेतली. वेलीला दोन हात ठेवतात. एका हातावर आठेक डोळ्यांची लांब काडी, तिला वारा म्हणजे छडी हे नाव. दुसऱ्या हातावर एखाद-दुसऱ्या डोळ्याचा खुंटा, त्याला पुल्गार म्हणजे अंगठा. यंदा छडी फळ देते आणि अंगठा विसावा घेतो; पुढच्या वर्षी अंगठ्यावर फुटलेली काडी छडी होते आणि जुन्या छडीला तोडून तिचा अंगठा केला जातो. मला हे दाखवणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराने आपलाच हात पुढे करून तर्जनी आणि अंगठा असे आळीपाळीने उघडून-मिटून दाखवले, आणि भाषेचा गंधही नसताना मला सगळे कळले. १८९४ मध्ये मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीड येथे पोहोचली आणि मळे उजाड झाले. तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय वेल लागत नाही. तू क्षार आणि पाणीटंचाईसाठी डॉगरिजचा खुंट लावतोस, यांना किडीने भाग पाडले.

तुला न रुचणारी गोष्ट आता सांगतो. जवळजवळ सगळ्या मळ्यांत असलेले पालोमिनो हे द्राक्ष चवीला अगदीच बेताचे आहे. ना गोडीचा ठसका, ना आंबटपणा. मी एक घड खाल्ला आणि दुसरा घ्यावासा वाटला नाही. जे काही घडते ते मुख्यतः कोठारात घडते. या कोठारांना बोदेगा म्हणतात: देवळाच्या सभामंडपासारखी उंच, जाड भिंतींची, खाली पिवळ्या वाळूची जमीन. उन्हाळ्यात त्या वाळूवर पाणी शिंपडतात आणि समुद्राकडून येणारा पोनिएन्ते नावाचा ओला वारा उंच खिडक्यांतून आत घेतात. जमिनीकडून येणारा कोरडा, तापलेला लेवान्ते मात्र गवती पडदे सोडून अडवतात.

रस आंबून त्यातली सगळी साखर संपली की जाणकार प्रत्येक पिंपाचा वास घेतो आणि पिंपावर खडूने खूण करतो. नाजूक मालावर एक तिरकी रेघ. त्यात द्राक्षाचाच मद्यार्क घालून त्याची तीव्रता १५ टक्क्यांवर आणतात. दणकट मालात तो १७ टक्क्यांच्या वर नेतात. या दोन टक्क्यांत सगळा फरक आहे. पहिल्या प्रकारावर यीस्टची एक साय धरते, जिला येथे फ्लोर म्हणजे फूल म्हणतात. दुसऱ्यावर ती जगतच नाही. ६०० लिटरचे पिंप ५०० लिटरच भरतात, ते या सायीला हवा मिळावी म्हणून. एका बोदेगात पिंपाच्या तोंडाशी काच बसवलेली होती आणि तिच्यातून मी ती साय पाहिली: तापवून निवलेल्या म्हशीच्या दुधावर धरते तशीच सुरकुतलेली, थोडी करडी, कडेला भिंतीवर चढलेली. ती मद्यार्क खाते, हवेला खाली उतरू देत नाही, आणि म्हणून खालची दारू फिकट राहते. हिला फिनो म्हणतात. समुद्रकाठच्या सानलूकारला मुरलेली असेल तर मान्सानिया. साय नसलेली, हवेशी वर्षानुवर्षे झटून अक्रोडासारखी तपकिरी झालेली, ती ओलोरोसो. कधी कधी फिनो म्हणून ठेवलेले पिंप वेगळ्याच वाटेला लागते, तेव्हा त्या खडूच्या रेघेवर आडवी रेघ मारतात आणि त्या मालाला पालो कोर्तादो, म्हणजे कापलेली काठी, असे नाव पडते.

या दारूला सहसा ठरावीक वर्ष नसते, हे समजायला मला दोन दिवस लागले, आणि शेवटी विरजणाची उपमा सुचली तेव्हा कुठे गाठ सुटली. पिंपांच्या रांगा एकीवर एक रचलेल्या असतात. विकायचा माल फक्त तळाच्या रांगेतून काढतात. तिला सोलेरा म्हणतात. पिंप कधीच रिकामे करत नाहीत, साधारणपणे वर्षाला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेत नाहीत. जेवढे घेतले तेवढे तिच्या वरच्या रांगेतून भरतात, त्या रांगेत आणखी वरच्या रांगेतून, आणि सर्वांत वर यंदाचा नवा रस. भरतानाही थेट ओतत नाहीत. भोके पाडलेली नळी सायीच्या खाली सोडून हळूहळू पाझरू देतात, कारण साय फाटली तर सगळे फुकट. आईच्या हंडीतले विरजण सासरी नेलेल्या मुलीच्या दह्याचे वय काय, असा प्रश्न तू मला विचारलास तर मी काय उत्तर देईन? तळाच्या पिंपात शंभर वर्षांपूर्वी ओतलेल्या रसाचा अंश आहे, आणि चार वर्षांपूर्वीचाही.

ही पद्धत फार पुरातन असेल असे मी धरून चाललो होतो, तसे नाही. १७३३ पासून येथे द्राक्षउत्पादकांचा संघ होता आणि त्याच्या नियमांनी माल साठवून जुना करण्यास मज्जाव होता, म्हणजे साठेबाजाने भाव पाडू नये. त्यामुळे दारू कोवळीच विकली जाई. १८३४ मध्ये संघ मोडला, आणि मग कोठारे भरू लागली व सोलेराची पद्धत सगळीकडे रुजली. शीतगृहात बेदाणा धरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांवर तू जे बोलतोस ते मला पाठ आहे, तेव्हा तू संघाचीच बाजू घेशील. मीही शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून पाहिला; पण तो संघ टिकला असता तर आज या गावाचे नाव कोणी घेतले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. गिऱ्हाईक इंग्रज, त्याला ही चटक लागली त्यात लुटीचाही वाटा आहे, कारण १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने शेजारच्या कादिस बंदरावर छापा घालून सुमारे २,९०० पिंपे पळवली आणि ती लंडनला पोहोचली.

काल समुद्राकडच्या चिपिओना भागात गेलो होतो. तिथे मोस्कातेल जातीचे घड तोडून उघड्या उन्हात पसरून ठेवले होते. पेद्रो हिमेनेस जातीचेही असेच करतात. तुझ्यासारखी सावलीची जाळी नाही, मणी लवकर वाळावेत म्हणून लावायचे डिपिंग ऑइल नाही; ऊन आणि दिवस. रात्री दव पडू नये म्हणून झाकायचे, सकाळी उघडायचे, मध्ये घड उलटायचे. मी एक मणी उचलून चावला: वरून चिवट, आत मधासारखा, आणि तोडताना राहिलेल्या देठाची किंचित तुरट चव. शेडमध्ये तू पहिल्या उन्हाचा बेदाणा हातावर ठेवतोस तोच मणी, फक्त रंग काळपट. याचा रस काढून पिंपात मुरवला की जे होते ते काकवीसारखे दाट असते, आणि पेल्याला चिकटून राहते.

फिनो आणणार नाही. बाटली उघडली की आठवड्याच्या आत संपवावी लागते आणि आपल्या उकाड्यात ती तितकेही टिकायची नाही. ओलोरोसो माझ्यासाठी. तुझ्यासाठी पेद्रो हिमेनेसची लहान बाटली घेतली आहे. बूच काढून, शेडमधला यंदाचा बेदाणा शेजारी ठेवून, नुसता वास घे आणि दोन्हींत काय फरक वाटतो ते मला सांग. वासाला माळेची हरकत नसावी, आणि असेलच तर काकांना आधी विचारून ठेव. मी वीस तारखेपर्यंत पोहोचतो.

तुझा,
माधव