आबांच्या वॉर्डातल्या सिस्टर, तुम्हाला

सिस्टर, नमस्कार.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं सिस्टरच लिहिते. डिस्चार्जच्या दिवशी बिलं, औषधं, गाडी या धांदलीत तुमची ड्यूटी संपून गेली आणि बोलायचं राहिलं. शिवाय हे साताऱ्यातल्या आणखी चार घरांनी वाचलं तर बरंच.

आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही. तरडगावच्या भजनात जन्मभर टाळ धरलेला, दर आषाढात माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालणारा माणूस, पाणी मागताना नुसता "ता... ता..." करायचा. मानेच्या स्कॅनआधी तुळशीची माळ काढली तेव्हा ते ढसाढसा रडले. आम्हाला वाटलं, दुखतंय. तुम्ही माळ गॉजमध्ये गुंडाळून, वर नाव लिहून आईकडे दिलीत आणि स्कॅन झाल्याबरोबर डाव्या मनगटाला बांधलीत, सलाइनच्या सुईला लागणार नाही अशी. ती बाजू त्यांची शाबूत होती ना!

आत्या अंगारा आणि तीर्थ घेऊन आली. तुम्ही तिला हाकललं नाहीत. "अंगारा कपाळाला लावा. तीर्थ मात्र थेंबभरही तोंडात नको, गिळता येत नसताना ते फुप्फुसात जाईल, न्यूमोनिया होईल." इतकं सरळ. पण "मागच्या जन्मीचं काहीतरी भोगायचं असंल" असं ती आबांच्या उशाशी बोलली, तेव्हा तिला बाहेर नेलंत. आबांना बोलता येत नव्हतं, कळत सगळं होतं. नंतर तुम्ही मला सांगितलंत, की आजारात माणसाची श्रद्धाच हादरते, "देवानं मलाच का?" हे आत पोखरत राहतं, आणि नर्सिंगमध्ये ती रीतसर नोंदवायची गोष्ट आहे, बीपीसारखीच. मला तर आजवर वाटायचं, धीर देणं म्हणजे वेळ उरला तर करायचं काम.

मग ती संध्याकाळ. तुमच्या सांगण्यावरून आईनं हळू आवाजात हरिपाठ धरला आणि दुसऱ्या चरणाला आबांचा आवाज मिसळला. शब्द स्पष्ट! आत्यानं लगेच गावभर फोन केले, माउलींनी वाचा दिली म्हणून. तुम्ही हसलात. "आत्याबाई, पाठ असलेलं म्हणणं वेगळं आणि मनातलं बोलणं वेगळं. मेंदूतलं बोलण्याचं केंद्र बिघडलं तरी अभंग, आकडे, शिव्यासुद्धा राहू शकतात." शिव्या म्हटल्यावर आत्या गप्प. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. स्पीच थेरपिस्टना कळवलंत, आणि त्यांनी अभंगाच्याच चालीवर "पाणी द्या" म्हणायला लावलं. चाल हळूहळू सुटली, शब्द राहिले. चमत्कार म्हणून हात जोडून बसलो असतो तर हे कुठलं व्हायला!

आईचंही सांगायला हवं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची होती. घड्याळ बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. "तेवढ्या वेळात तुमच्या किती माळा होतात?" तुम्ही विचारलंत, आणि गोंदवल्याची जपमाळ हातात धरून तिनं ते मोजून ठेवलं. तेवढ्या माळा झाल्या की आम्हाला उठवायची. पाठ शेवटपर्यंत स्वच्छ राहिली.

डॉक्टर, फिजिओ, मावशी, सगळ्यांचे आभार आहेतच. तुमचे वेगळे मानते, कारण तुम्हीच एकदा म्हणालात, "माझा स्वतःचा देवावर फारसा विश्वास नाही. पण बेड त्यांचा आहे."

आबा आता काठी घेऊन अंगणात येतात. तुमचं नाव निघालं की "बाई... चहा" म्हणतात. पालखी तरडगावात मुक्कामाला असेल तेव्हा ड्यूटी नसली तर या. गर्दीत घर सापडायचं नाही, फाट्यावरून फोन करा, धाकटा न्यायला येईल.

तुमची,
आबांची थोरली लेक