छायाचित्रणाचा संकल्प बिघडलेल्या फोटोंतून काढावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्ष सरत आले की संकल्पांच्या याद्या छापून येतात आणि त्यात ‘यंदा फोटोग्राफी मनावर घ्यायची’ हे वाक्य हमखास असते. अडचण त्या वाक्यातच आहे. तो संकल्प पाळला गेला की मोडला, हे ३१ डिसेंबरला कोणालाच सांगता येत नाही. ‘चांगले फोटो काढीन’ याचेही तेच. नवी लेन्स घेणे ही तर खरेदी झाली.

संकल्प शोधायचा तो स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या फोटोंत, आणि तोही फसलेल्या फोटोंत. एक संध्याकाळ पुरते. वर्षभरातले शंभर फसलेले फोटो बाजूला काढावेत (लगेच डिलीट करण्याची सवय असेल तर दोन महिने ती आवरावी, मग हे करावे) आणि प्रत्येकापुढे एकच कारण लिहावे: हात हलला, समोरचा हलला, फोकस चुकला, उजेड चुकला, की सगळे ठीक असूनही फोटोत पाहण्यासारखे काही नाही. पहिल्या तिन्ही कारणांना आपण सरसकट ‘ब्लर’ म्हणून मोकळे होतो. पण फोटो स्क्रीनवर १०० टक्के मोठा केला की ती वेगवेगळी ओळखू येतात. हात हलला असेल तर भिंतीपासून चेहऱ्यापर्यंत सगळेच एका दिशेने फरपटलेले दिसते, दिव्याच्या ठिपक्याची रेघ होते. समोरचा हलला असेल तर भिंत स्वच्छ आणि माणूस तेवढा पुसट. फोकस चुकला असेल तर कुठेतरी, बहुधा कानावर किंवा मागच्या पडद्यावर, काहीतरी शार्प सापडतेच.

हे वेगळे करण्याचे कारण असे की तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. हात हलत असेल तर शटरचा वेग (शटर किती वेळ उघडे राहते तो काळ) लेन्सच्या फोकल लेन्थच्या (लेन्सवर मिमीत लिहिलेल्या अंकाच्या) उलट्या अंकापेक्षा कमी ठेवू नये हा जुना नियम पुरतो: ५० मिमीला निदान १/५० सेकंद, आणि सेन्सर १.५ क्रॉपचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून दीडपट लहान असेल तर १/८०. स्टॅबिलायझर असला तर याहूनही कमी वेग चालतो. समोरचा हलत असेल तिथे मात्र स्टॅबिलायझरचा काडीचा उपयोग नाही, कारण तो फक्त कॅमेऱ्याचे हलणे सावरतो. बोलणाऱ्या माणसाला १/१२५, धावणाऱ्या मुलाला १/५०० लागतो, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवावा लागला तर वाढवावा. दाणेदार फोटो पाहवतो, पुसट चेहरा नाही. फोकसचे दुखणे बहुतेक वेळा अपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा अंक जितका लहान तितके ते मोठे) पूर्ण उघडे ठेवण्यातून येते. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, एफ १.८ आणि अंतर एक मीटर असेल तर शार्प दिसणारी खोली जेमतेम चार सेंटिमीटर असते. डोळ्यावर फोकस धरून मग चौकट बदलायला कॅमेरा वळवला तरी ती खोली डोळ्याच्या मागे, कानाकडे सरकते. फोकस पॉइंटच डोळ्यावर नेऊन ठेवावा, किंवा अपर्चर एफ ४ करावे.

आता संकल्प आपोआप तयार होतो. शंभरापैकी चाळीस फोटो समोरचा हलल्यामुळे गेले असतील तर लिहावे: ‘माणसांचे फोटो १/१२५ च्या खाली काढणार नाही, एप्रिलअखेर पुन्हा शंभर फसलेले फोटो मोजीन, हे कारण वीसच्या आत आलेले हवे.’ चार महिन्यांना एक कारण, म्हणजे वर्षाला तीन. त्याहून जास्त हाती घेऊ नयेत. उजेडाचे दुखणे त्यांत सर्वांत सोपे: हिस्टोग्रामचा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर उजव्या कडेला चिकटला असेल तर पांढरे भाग करपले आहेत. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सेटिंग) १/३ किंवा २/३ ने कमी करून लगेच दुसरा फोटो काढावा.

‘पाहण्यासारखे काही नाही’ हा रकाना सगळ्यांत लांब निघाला तर काम अवघड आहे. त्याला सेटिंग नाही. त्यावर बंधन घालून घेणे उपयोगी पडते. झूम ३५ मिमीवर आणून रिंगवर गॅफर टेप (डाग न ठेवता निघणारी कापडी पट्टी) लावावी आणि तीन महिने तीच ठेवावी. (इलेक्ट्रिकची चिकटपट्टी नको, तिचा गोंद उन्हात रिंगवर उतरतो.) झूम बंद झाले की पाय हलवावे लागतात. मग पार्श्वभूमी, उंची, उजेडाची बाजू हे सगळे बदलते आणि चौकटीचा विचार तिथेच सुरू होतो.

रोज एक फोटो हा लोकप्रिय संकल्प बहुतेकांना झेपत नाही. पहिल्या आजारपणात किंवा कामाच्या घाईत साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी पुन्हा जोडायचा कोणालाच हुरूप नसतो. त्याआधीही शेवटची दहा मिनिटे उरली म्हणून चपलांचे आणि खिडकीचे फोटो भरले जातात. आठवड्याला एक निवडलेला फोटो धरावा, आणि ५२ नव्हे तर ४० चे उद्दिष्ट ठेवावे. बारा आठवडे वाया जाणारच आहेत, ते आधीच वजा केलेले बरे.

या चाळिसांतून बारा फोटो कागदावर छापावेत. १२ बाय ८ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. म्हणजे फोनची १२ मेगापिक्सेलची मूळ फाइलही पुरते, मेसेजवरून फिरून आलेली दाबलेली फाइल नाही. मात्र फोनची चौकट ४:३ असते आणि हा कागद ३:२, त्यामुळे वरखाली कापले जाते आणि डोकी जातात. आधी स्वतः क्रॉप करून द्यावे. प्रिंट काळपट आली तर दोष बऱ्याचदा स्क्रीनचा असतो: ती पूर्ण उजेडावर ठेवून फोटो एडिट केलेला असतो. त्यामुळे उजेड उतरवून एडिट करावे आणि मोठ्या प्रिंटआधी एक छोटी काढून पाहावी.

बॅकअपही संकल्पात धरावा. आठवड्याला २०० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ) फोटो, फाइल २५ एमबीची धरली तर वर्षाला साधारण २६० जीबी होतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधली एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. कॉपी अर्धवट झालेली असेल तर ती तेव्हाच कळते, आणि मूळ प्रत तोवर शाबूत असते.

पुढची मोजणी एप्रिलअखेरची असल्याने फसलेले फोटो ठेवायला ‘फसलेले’ नावाचे फोल्डर १ जानेवारीलाच करून ठेवावे.

कळावे,
छायाचित्रण शिकवणारा एक वाचक